सर एडवर्ड कार्सन : एका नामांकित बॅरिस्टराचे चरित्र

लोकमान्य टिळकांनी सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर केलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची सुनावणी १९१९ साली लंडन येथे झाली. त्या वेळी चिरोल यांच्या वतीने लोकमान्यांची उलटतपासणी घेणारे बॅरिस्टर म्हणजेच सर एडवर्ड कार्सन होत. दाव्याचा निकाल लोकमान्यांच्या विरुद्ध लागला व खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. तेव्हा हे नाव महाराष्ट्रास प्रिय असण्याचे कारण नाही. तथापि प्रतिपक्षाचे चरित्रही समतोल बुद्धीने पाहावे. वकिलीकडे वळणाऱ्या आपल्या ज्ञातीतील तरुणांस तर ते विशेष बोधप्रद आहे.

कार्सन यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८५४ रोजी डब्लिन शहरी झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८७७ साली त्यांनी वकिलीस प्रारंभ केला. आयर्लंडात त्या काळी कुळे व जमीनदार यांचा झगडा पेटला होता. १८८७ साली सरकारने दडपशाहीचा कायदा केला. त्याखालील खटले सरकारतर्फे चालविण्याचे काम कार्सन यांनी पत्करले व कुळांच्या पुढाऱ्यांना शिक्षा देवविल्या. सरकारदरबारी लौकिक वाढला, पण देशबांधवांचा रोष पदरी आला. १८९२ साली ते आयर्लंडचे सॉलिसिटर जनरल झाले. परंतु त्याच वर्षी मंत्रिमंडळ बदलले व ते पद गेले.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, १८९३ साली, त्यांनी लंडनमध्ये नव्याने खाजगी वकिली मांडली. दोनच वर्षांत प्रसिद्ध साहित्यिक ऑस्कर वाइल्ड यांनी एका उमरावावर बदनामीची फिर्याद केली. वाइल्ड हे कार्सन यांचे कॉलेजातील समकालीन. तरी त्यांनी उमरावाचे वकीलपत्र घेतले. त्यांच्या उलटतपासणीपुढे फिर्याद कोसळली. पुढे वाइल्ड यांच्यावरच खटला होऊन त्यांना दोन वर्षे सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात मात्र कार्सन यांनी भाग घेतला नाही.

१९०० ते १९०५ या काळात इंग्लंडचे सॉलिसिटर जनरलपद भूषवून ते पुन्हा खाजगी वकिलीत आले. १९०८ साली आर्चर-शी नावाच्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यास पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आरोपावरून नौदलाच्या विद्यालयातून काढून टाकण्यात आले. कार्सन यांनी प्रथम स्वतः त्या मुलाची कसून तपासणी केली आणि तो निर्दोष असल्याची खात्री पटल्यावरच त्याची बाजू हाती घेतली. राजसत्तेविरुद्ध दाद मागणे सोपे नव्हते. अखेर १९१० साली सुनावणी झाली. पोस्टातील बाईची ओळख पटविण्यात चूक होणे शक्य होते, हे त्यांनी उलटतपासणीत दाखविले. चौथ्या दिवशी सरकारने मुलाचे निर्दोषत्व मान्य केले. तोच मुलगा १९१४ साली महायुद्धात कामी आला. पण माथ्यावर कलंक घेऊन गेला नाही.

आयर्लंडच्या स्वराज्यास कार्सन यांनी जन्मभर कडवा विरोध केला. १९२१ ते १९२९ ते सर्वोच्च न्यायासनावर होते. २२ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

सत्तेसाठी, उमरावासाठी आणि एका अनाथवत् झालेल्या मुलासाठी वापरलेली बुद्धी एकच होती. शस्त्र तेच, ते कोणासाठी उचलावे, याचा निर्णय मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. पाच शिलिंगांच्या त्या खटल्याने कार्सन यांचे नाव उजळ केले, हे आपल्या होतकरू वकिलांनी ध्यानी ठेवावे.