आत जाऊन पाहणाऱ्या पंडिता रमाबाई

उज्जैनच्या माधवनगरात राहणारी आम्ही मराठी मंडळी दरवर्षी नाताळाच्या आठवड्यात शब्बाथ शाळेच्या मुलांना घेऊन निराधारांच्या एखाद्या संस्थेत जातो. फळे, शाली, दोन गीते, एक प्रार्थना, आणि तासाभरात परत. मागच्या खेपेस एका वृद्ध बाईंनी आम्ही दिलेली शाल घडी करून बाजूला ठेवली आणि आपल्या ट्रंकेसाठी एक कुलूप मिळेल का, असे हळूच विचारले. इतक्या वर्षांत तिथल्या माणसांना काय हवे आहे, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते. परत येताना आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांची विद्वत्ता, त्यांचा बाप्तिस्मा, त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर यांविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा बोलले जाते. परंतु दुसऱ्याच्या आश्रयाला राहणाऱ्या माणसाचे दिवस आत कसे जातात, याचा त्यांनी जन्मभर शोध घेतला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले होते; आईने ती विद्या मुलीला दिली. पुढे घरदार सुटले व कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून घेऊन ते दोघे झोपले. उपाशी माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती.

१८७८ साली कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमा हिचा जन्म आणि पतिनिधन हे सारे १८८० ते १८८२ या दोन वर्षांत घडले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळा तपासायला स्त्री निरीक्षक नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकी शिकता यावी, अशी मागणी त्यांनी केली. शिकणाऱ्या मुलीची अडचण तपासणाऱ्या पुरुषाला दिसत नाही, हे त्यांनी तेव्हाच हेरले होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले काम पाहण्यास पाठविले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता, आणि त्यांच्याशी बोलण्यावागण्यात तिरस्कार नव्हता. या भेटीचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. पुढे १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. पाहुणी म्हणून नुसते सत्कार घेण्यावर त्या थांबल्या नाहीत. शाळा आणि धर्मादाय संस्था त्यांनी फिरून पाहिल्या, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि हे सारे १८८९ मध्ये युनायटेड स्टेट्सवरील आपल्या मराठी पुस्तकात लिहून काढले. आधी पाहणे आणि त्यानंतर संस्था उघडणे, असा हा क्रम होता. आपल्याकडे बहुधा इमारत आधी उभी राहते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या तरुण विधवा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. ज्या मुलींना घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले जाई, त्यांना येथे आपापल्या रीतीप्रमाणे स्वयंपाक करण्याची, सोवळे पाळण्याची मोकळीक होती. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरूनच १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील सुधारकांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धार्मिक तटस्थतेचे वचन मोडले असे त्या मंडळींना वाटले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचा राग समजण्यासारखा होता. आश्रयाला आलेल्या माणसाची श्रद्धा हा नाजूक प्रश्न आहे. आपणही तो सोपा समजू नये.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या प्रांतातील जबलपूर-सागरकडचा भाग आज आमच्याच राज्यात आहे. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदतकामे आणि कंगालखाने त्यांनी आत शिरून पाहिले. कागदोपत्री तिथे अन्न होते, छप्पर होते. परंतु रात्री तरुण मुलींचे रक्षण कोण करतो, धान्य वाटणारा त्या बदल्यात काय मागतो, हे त्यांनी विचारले, आणि जे कळले ते लपवून न ठेवता जगापुढे मांडले. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. शारदासदनातील शिकलेल्या मुलींनी या हाडांच्या सापळ्यांना न्हाऊमाखू घातले.

पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगचा कहर झाला. प्लेगच्या इस्पितळात व विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांची काय अवस्था आहे, याविषयी बाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात पत्र लिहिले. आपल्या आश्रयाखालील एका तरुण मुलीची तिथे वाताहत झाली, असे त्यांचे म्हणणे होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप नाकारले. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले. ख्रिस्ती झालेली, मिशनरींच्या ओळखीची बाई सरकारला दुखावते, हे पुष्कळांना रुचले नाही. बाईंना मात्र त्यांच्या रुचीपेक्षा ती मुलगी महत्त्वाची वाटली.

केडगावला घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर मग मुक्तीसदन वाढले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना चालू झाला. पतित म्हणून टाकलेल्यांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंदसदन अशी वेगवेगळी घरे झाली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध स्त्रियांना वाचायला शिकविले. घंटेवर चालणाऱ्या इतक्या मोठ्या वस्तीत एकेका मुलीकडे किती लक्ष पुरत असेल, ही शंका आम्हांला येते. दुष्काळाने पर्याय ठेवला नव्हता, हेही तितकेच खरे.

ही शंका पुढे शास्त्रज्ञांनाही आली. डॉ. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. अन्नवस्त्र मिळूनही एका माणसाची सततची माया न मिळालेली मुले खुंटतात, असे त्यात दाखविले होते. २००० साली रुमानियातील बुखारेस्ट शहरात अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्मी मुले निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. लहानपणीच कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व भावजीवन संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगले वाढले. भारताचा २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. आणि अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील मनोरुग्णालयात राहून १९६१ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात स्वतःच्या चार वस्तू सुरक्षित ठेवायला जागा नसणे माणसाला किती लहान करते, याचे वर्णन आहे. ते वाचताना ती ट्रंक आमच्या डोळ्यांपुढे आली. कुलूप आम्ही पुढच्या आठवड्यात नेऊन दिले. एक किल्ली कार्यालयात ठेवावी असे कोणी सुचविले; बाईंनी दोन्ही पदराला बांधल्या.

रमाबाईंची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात गेली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे, असा त्यांचा कटाक्ष होता. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीसदनातील स्त्रियांनीच केले. त्यांत दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीही होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे देहावसान झाले.