खराट्यामागील करुणा : संत गाडगेबाबा

माणूस दुसऱ्यासाठी का झिजतो, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी पुण्याच्या आशेने दान करतो, कोणी नावलौकिकासाठी, तर कोणी आज दिलेले उद्या परत मिळेल या हिशेबाने. या तिन्ही हेतूंनी झालेल्या कामाचाही समाजाला उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या तिन्हींकडे पाठ फिरवून अर्धशतकाहून अधिक काळ लोकांसाठी राबलेला एक मनुष्य आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांच्या सत्कर्माचे मूळ कोठे होते, याचा शोध घेणे हे आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराला निश्चितच उद्बोधक ठरेल.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. देवदेवतांच्या नावाने बकरे-कोंबडे कापायचे आणि त्यासोबत मद्य प्यायचे, ही त्या काळची रीत. या रीतीपायी घर बुडाले, शरीर खंगले आणि डेबू अवघ्या आठ वर्षांचा असताना पित्याचे छत्र हरपले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आल्या. तेथे मामांची गुरे राखत आणि शेतात राबत डेबू मोठा झाला.

मामा चंद्रभानजी कष्टाळू होते, पण त्यांना अक्षर-ओळख नव्हती. सावकाराने कागदावर काय लिहून घेतले, हे त्यांना कळले नाही. घामाने पिकवलेली जमीन कर्जाच्या कागदांत अडकली आणि त्या धक्क्याने मामाही खचून गेले. पित्याला व्यसनाने आणि अंधश्रद्धेने गिळले, मामांना निरक्षरतेने आणि कर्जाने. बाबांच्या पुढील सर्व उपदेशाची मुळे या दोन आघातांत आहेत. दारू पिऊ नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, ऋण काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी गावोगाव सांगितले. ते त्यांना कोणत्याही ग्रंथातून मिळालेले नव्हते. घरातल्या दोन मरणांनी ते शिकवले होते.

असे आघात अनेकांच्या वाट्याला येतात. दुःखाने कित्येक माणसे कडवट होतात, कित्येक केवळ स्वतःपुरती सावध होतात. डेबूजींच्या बाबतीत मात्र आपल्या घरी जे घडले ते दुसऱ्याच्या घरी घडू नये, अशी तळमळ त्या दुःखातून निर्माण झाली. 1892 मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे कन्या झाली, तेव्हा बारशाला जातभाईंना मद्यमांसाची पंगत देण्याची प्रथा होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण त्यांनी माघार घेतली नाही. लोकसुधारणेचा आरंभ त्यांनी स्वतःच्या उंबरठ्याच्या आत केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे एक गाडगे, एवढाच संसार. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा हे नाव दिले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत अंध, पंगू आणि महारोग्यांना त्यांनी जेवू घातले. ज्यांच्या सावलीपासूनही लोक दूर सरत, त्यांच्या पानात त्यांनी स्वतः वाढले. यात्रेकरू चिखलात घसरतात हे पाहून तेथे घाट बांधवून घेतला.

बाबांची काम करण्याची रीत फार साधी होती. गावात शिरताच कोणाशी न बोलता ते हाती खराटा घेत आणि रस्ते झाडू लागत. लोक प्रथम पाहत उभे राहत, मग संकोचत, मग एकेक जण हाती झाडू घेऊन पुढे येई. सायंकाळपर्यंत सारे गाव स्वच्छ होई आणि रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन रंगे. दिवसा खराट्याने गाव झाडले जाई आणि रात्री वाणीने मने. माणसांना चांगले काम करायला लावण्याचे मर्म बाबांना पुरते उमगले होते. आज्ञेने माणूस क्वचितच बदलतो. समोरचा आपल्या अंगणातली घाण निमूटपणे उचलतो आहे हे दिसले, की मनातली लाज जागी होते आणि लाजेच्या पाठोपाठ माणुसकी येते. कीर्तनातही ते श्रोत्यांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. त्यामुळे उपदेश परका राहत नसे.

पुण्याचा लोभ त्यांना नव्हता. पंढरपूरच्या वारीला ते जात, पण इतर जण दर्शनाच्या रांगेत असताना बाबा चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण काढीत. कीर्तीचाही सोस नव्हता. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. पाया पडू पाहणाऱ्यांना त्यांच्या काठीचा धाक असे. परतफेडीची अपेक्षा तर नव्हतीच. लाखो रुपयांच्या देणग्या त्यांच्या शब्दावर गोळा झाल्या. त्यांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ दूरगावच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. अन्नछत्रे आणि शाळा निघाल्या. त्या पैशातील एक दमडीही बाबांनी स्वतःसाठी घेतली नाही. मागून आणलेली भाकर गाडग्यात घेऊन झाडाखाली खाण्याचा क्रम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

या त्यागाची किंमत केवळ त्यांनीच मोजली असे नव्हे. कुंताबाईंच्या आणि मुलांच्या वाट्याला कष्टाचेच जिणे आले. लोकांच्या पैशावर आपल्या कुटुंबाचा काडीचाही अधिकार नाही, हा बाबांचा दंडक घरच्यांना सोसावा लागला. 1923 मध्ये तरुण मुलगा गोविंद मरण पावला. ती वार्ता बाबांना कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मिळाली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. तथापि तिकडे एक माताही पुत्रशोक करीत होती, याचा आपल्याला विसर पडू नये. एका महापुरुषाच्या करुणेचा भार जी माणसे मुकाट्याने उचलतात, त्यांचे ऋणही समाजाने मानले पाहिजे.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते. त्यांची वाट वारकरी कीर्तनाची होती. परंतु कर्माचे मोल त्यामागच्या चेतनेवर ठरते, ही भगवान बुद्धांची शिकवण त्यांच्या आयुष्यात पदोपदी दिसते. त्यांनी आपल्या दानातून स्वतःला पूर्णपणे वजा केले होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांच्यात परस्परांविषयी गाढ आदर होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना पंढरपुरात निवारा मिळावा म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. 1949 मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याच्या जागी विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे, यात बाबांना काही गमावल्यासारखे वाटले नाही. आपण उभारलेली वास्तू आपल्या नावासाठी नसून गरजवंतासाठी आहे आणि काळाची गरज आता शिक्षण आहे, हे त्यांनी जाणले होते. निरक्षर मामांची जमीन गेलेली ज्याने पाहिली, त्याला वसतिगृहाचे मोल कोणी पटवून द्यावे लागत नाही.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनीही देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या ताटातली भाकर कोणाच्या तरी दानातून आणि कोणाच्या तरी श्रमातून आलेली असते. त्या दात्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नसतात आणि त्यांचे देणे त्यांना परत करण्याची सोय नसते. ते फेडण्याचा एकच मार्ग उरतो : आपल्याला जे मिळाले ते पुढच्या मुलाच्या हाती द्यावे. ज्या माजी विद्यार्थ्याने असे काही दिले असेल, मग ते पुस्तक असो, महिनाभराचे धान्य असो किंवा सुट्टीतली चार तासांची शिकवणी असो, त्याने गाडगेबाबांचे खरे स्मरण केले. बाबांना अभिवादन करायचे तर हार-फुले आणण्यापूर्वी आपण राहतो ती खोली आणि तिच्यापुढचे अंगण झाडून घ्यावे. त्यांना तेच अधिक आवडले असते.