कमला सोहोनी

कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत (जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. कडधान्यांतील प्रथिने आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. लोकसाहित्याच्या अभ्यासक व लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

बालपण व शिक्षण

कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघांचेही शिक्षण बंगळूर येथील टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. हा वारसा पुढे नेत कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी संपादन केली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता.

बंगळूर येथील प्रवेश

गुणवत्ता यादीत वरचे स्थान असल्यामुळे कमलाबाईंनी बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे तत्कालीन संचालक, नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या कमलाबाईंनी त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन असेल, संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामास अधिकृत मान्यता मिळणार नाही आणि त्यांच्या उपस्थितीमुळे संस्थेतील वातावरण बिघडता कामा नये, असे त्या अटींचे स्वरूप होते.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा, तसेच कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनयुक्त पदार्थांचा अभ्यास केला. वर्षभराच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. प्रवेशाच्या वेळी झालेला अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळाल्याने त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्रथम डेरेक रिश्टर यांच्याकडे व नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असताना वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवले. पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम हे प्रथिन करते. सुमारे चौदा महिन्यांत संशोधन पूर्ण करून त्यांनी अवघ्या ४० टंकलिखित पानांचा प्रबंध सादर केला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

अध्यापन व संशोधन

भारतात परतल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईत आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायनशास्त्र विभागात रुजू झाल्या. कालांतराने त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. मात्र हे पद त्यांना काही वर्षे उशिराने मिळाले.

मुंबईतील त्यांचे संशोधन गरिबांच्या आहाराशी निगडित होते. प्रथिन म्हणजे पेप्टाइड बंधांनी जोडलेली अमिनो आम्लांची लांब साखळी. अन्नातील प्रथिनांचे पचन होताना ट्रिप्सिनसारखी विकरे ही साखळी तोडतात. अनेक कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनच्या कार्याला अडथळा आणणारे पदार्थ असतात. त्यामुळे आहारात प्रथिने असूनही त्यांचा पुरेसा लाभ शरीराला होत नाही. सोहोनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या ट्रिप्सिन-अवरोधकांचा अभ्यास केला. कडधान्ये नीट शिजवल्यास उष्णतेने या अवरोधकांचा प्रभाव मोठ्या प्रमाणात कमी होतो. तांदूळ, गहू, ज्वारी यांसारख्या तृणधान्यांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, तर कडधान्यांत ते भरपूर असते; उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. म्हणून भाकरीबरोबर वरण किंवा उसळ खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. मांस, अंडी वा दूध ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने या अभ्यासाला विशेष महत्त्व होते.

नीरा

तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम सुरू केले. ताड, शिंदी यांसारख्या वृक्षांच्या ताज्या गोड रसाला नीरा म्हणतात. ती तशीच ठेवली तर यीस्टमुळे आंबते; तिच्यातील साखरेचे रूपांतर एथिल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत होते आणि तिची ताडी बनते. म्हणून न आंबलेली नीरा हे पेय आणि आंबलेली ताडी हे मद्य, असा भेद केला जातो. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे सोहोनी यांच्या अभ्यासात आढळले. हे घटक ताडगुळातही टिकून राहतात, असेही त्यांना दिसून आले. आहारात नीरेचा समावेश केल्यावर कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

ग्राहक चळवळ

आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या गुणवत्तेसंबंधी त्यांनी मार्गदर्शन केले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२–८३ मध्ये त्यांनी या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. ‘कीमत’ या संघटनेच्या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

अखेरचा काळ

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या त्यांच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी, त्यांच्या ११२व्या जयंतीनिमित्त, गूगलने डूडल प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.