रोझलिंड फ्रँकलिन

मुलांनो, खडीसाखरेचा खडा तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? त्याला सपाट बाजू असतात, सरळ कडा असतात. अशा पदार्थाला स्फटिक म्हणतात. स्फटिकातील अणू ओळीने, ठरावीक अंतरावर बसलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु स्फटिकावर क्ष-किरण सोडले, तर फोटोच्या फिल्मवर ठिपके उमटतात. ते मोजून आणि पुष्कळ गणित करून अणूंची रचना ओळखता येते. हे किचकट काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या रोझलिंड फ्रँकलिन यांची ही हकिकत आहे.

रोझलिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ मध्ये त्या केंब्रिजला शिकायला गेल्या. १९४१ मध्ये त्या शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण गंमत पाहा, त्या वेळी केंब्रिज विद्यापीठ मुलींची परीक्षा घेई, मात्र मुलांसारखी पूर्ण पदवी त्यांना देत नसे! पुढे रोझलिंड यांनी दगडी कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा अभ्यास केला आणि पॅरिसला जाऊन क्ष-किरणांचे तंत्र आत्मसात केले.

१९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. तेथे त्यांच्यापुढे डीएनएचे कोडे होते. आईवडिलांचे गुण मुलांत उतरतात ते या पदार्थामुळे. त्याचे केसाहून बारीक धागे घेऊन त्या भोवतालच्या हवेतील ओलावा कमीजास्त करत. कोरड्या हवेत धागा आखूड होई, दमट हवेत लांब होई. दोन्ही वेळी ठिपक्यांची नक्षी वेगळी येई.

यावरून त्यांनी काय ताडले? डीएनएमध्ये फॉस्फेटचे गट असतात. पाणी त्यांना सहज चिकटते, कारण पाण्यातील हायड्रोजनला फॉस्फेटमधील ऑक्सिजनची ओढ असते. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. बर्फातील पाण्याचे रेणूही याच बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. डीएनएच्या धाग्यात पाणी इतक्या सहज ये-जा करते, म्हणजे फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असले पाहिजेत.

१९५१ च्या अखेरीस केंब्रिजचे वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची एक प्रतिकृती तयार केली. तिच्यात फॉस्फेट आत होते. रोझलिंड यांनी ती पाहिली आणि चूक तिथल्या तिथे दाखवून दिली. ती प्रतिकृती मोडीत निघाली.

मे १९५२ मध्ये रोझलिंड आणि त्यांचे विद्यार्थी गॉस्लिंग यांनी एक उत्तम छायाचित्र मिळवले. त्याचा क्रमांक ५१. त्यात ठिपक्यांची फुली स्पष्ट दिसत होती. अशी फुली मळसूत्रासारख्या रचनेची खूण असते. जानेवारी १९५३ मध्ये त्यांचे सहकारी विल्किन्स यांनी ते छायाचित्र त्यांना न विचारता वॉटसन यांना दाखवले. रोझलिंड यांची मोजमापे असलेला एक अहवालही क्रिक यांच्या हाती आला. थोड्याच दिवसांत नवी प्रतिकृती उभी राहिली. फॉस्फेट आता बाहेर होते आणि आतील पायऱ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या होत्या. २५ एप्रिल १९५३ रोजी ती छापून आली. त्याच अंकात रोझलिंड आणि गॉस्लिंग यांचाही लेख होता. पण तो जणू पुरावा म्हणून मागे जोडला गेला. ही गोष्ट वाचून वाईट वाटते. १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा रोझलिंड हयात नव्हत्या.

त्या मात्र रुसून बसल्या नव्हत्या. १९५३ मध्येच त्या बर्कबेक कॉलेजात गेल्या आणि तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची रचना शोधू लागल्या. १९५६ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाल्या, तरी काम थांबले नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी या विषाणूची मोठी प्रतिकृती तयार करवून घेतली. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी प्रदर्शन उघडले.