मोजपट्टी घडवणारा माणूस

मुलाच्या बुद्ध्यांकाचा आकडा कुणी मिरवताना किंवा लपवताना पाहिला, की मला आल्फ्रेड बिने आठवतो. १८५७ साली नीस येथे जन्मलेला हा फ्रेंच माणूस तरुणपणी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोच्या हाताखाली काम करी. लोहचुंबकाने संमोहित रुग्णांची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात, असे त्याने छापले. पण आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे रुग्ण ताडत होते! बेल्जियमच्या देलबफने ते दाखवून दिले आणि बिनेला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली.

त्या ठेचेने तो शहाणा झाला. घरी मादलेन आणि आलिस या लेकींचे खेळ तो बारकाईने टिपू लागला. १९०५ मध्ये सिमोनसह त्याने ३० कसोट्यांची चाचणी रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी शिक्षणाने वाढते, लांबीसारखी ती मोजता येत नाही, हे तो बजावत राहिला. १९११ मध्ये तो गेला. भागाकाराने बुद्ध्यांक काढण्याची कल्पना स्टर्नने मांडली, ती १९१२ मध्ये!

मराठी मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बिनेचीच चाचणी बेतली. आपण पट्टी घेतली. ती घडवणाऱ्याची सावधगिरी मात्र घेतली का, हा प्रश्न मला सोडत नाही.