दादोबा पांडुरंग आणि 'रचना'

'रचना' हा शब्द आपण किती सहज वापरतो! घराची बांधणी, दागिन्याची घडण, अंगाची ठेवण, कापडाची वीण हे सारे तिचेच भाऊबंद. विद्वानांनी त्यात 'संरचना' या भारदस्त शब्दाची भर घातली. सुटे भाग काही नियमाने एकमेकांशी बांधलेले असणे, हा या सर्वांचा गाभा. वाक्यरचना, समाजरचना आणि राज्यकारभाराची रचना या तिन्हींशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला, असे एक थोर पुरुष म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांचे नमुने त्यांच्यापुढे होते. तरी मराठीची घडण तिच्याच बोलण्यातून शोधणे भाग होते. नियम त्यांनी निर्माण केले नाहीत. लोकांच्या जिभेवर ते आधीच नांदत होते. दादोबांनी ते ओळखून त्यांना नावे दिली. म्हणूनच त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात.

समाजरचनेची गोष्ट मात्र निराळी. ती माणसांनीच रचलेली, तेव्हा माणसांनाच ती बदलता येईल, या विश्वासाने ते १८४४ साली सुरतेच्या मानवधर्म सभेत आणि १८४९ साली मुंबईच्या परमहंस सभेत पुढे झाले. जातिभेद मोडणे हे सभेचे एक ध्येय होते. परंतु तिचे कार्य गुप्तपणे चाले. १८६० साली सभासदांची नावे उघडकीस येताच सभा कोसळली. वाक्यातील चूक सुधारता येते, पंगतीतील भेद सुधारणे कठीण, हेच यातून दिसले.

तिसरी रचना सरकारी. १८५२ साली दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. आपला अकोले तालुका याच जिल्ह्यातला आणि राघोजी भांगरे यांचा मुलूखही हाच. ज्यांनी जातीची उतरंड नाकारली, तेच परकीय सत्तेच्या उतरंडीत एक पायरी झाले. त्यांच्या चरित्रातील हा सल झाकून ठेवणे बरे नाही.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा निवर्तले. त्यांच्या आयुष्याने आपल्यापुढे एक कसोटी ठेवली आहे. समोरची रचना सापडलेली आहे की लादलेली? सापडलेली असेल तर समजून घ्यावी, लादलेली असेल तर बदलावी. राजूरच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवरील ठाकर, महादेव कोळी बांधवांच्या बोलीलाही स्वतःची विभक्ती, स्वतःची क्रियापदे, स्वतःची वीण आहे. तिला वर्गात अशुद्ध म्हणून हसणे म्हणजे व्याकरण नव्हे. ती समाजातील उतरंडच भाषेत आणून बसविणे होय. बावीस वर्षांच्या दादोबांनी मराठीकडे ज्या जिज्ञासेने कान दिला, त्याच जिज्ञासेने या बोलींकडे कान देणारा अभ्यासक आपल्यातून निघाला, तर त्यांच्या कार्याची ती खरी आठवण ठरेल.