पिएर ल रुआ द ब्वाझोमारिए

बॅरन पिएर ल रुआ द ब्वाझोमारिए (१८९० - १९६७) हे फ्रेंच द्राक्षबागायतदार व कायदेतज्ज्ञ होते. दक्षिण फ्रान्समधील शातोनफ-द्यु-पाप या भरदार, मिश्र लाल वाइनच्या नावाला त्यांनी कायद्याचे संरक्षण मिळवून दिले. फ्रान्समधील उगमनाम पद्धतीच्या शिल्पकारांत जोझेफ काप्यू यांच्याबरोबर त्यांची गणना होते.

ल रुआ यांनी माँपेलिए येथे कायद्याचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते. १९१९ मध्ये फोर्तिया येथील द्राक्षमळ्याच्या वारसकन्येशी विवाह झाल्यावर ते आव्हियों शहराच्या उत्तरेस असलेल्या शातोनफ गावी स्थायिक झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या होत्या. टंचाईमुळे भेसळ बोकाळली. शातोनफची कडक वाइन पिंपांत भरून बर्गंडीकडे जाई व तिथल्या पातळ वाइनमध्ये मिसळली जाई; उलट शातोनफचे नाव मात्र भलत्याच मालावर लागे. १९२३ मध्ये गावातील बागायतदारांनी ल रुआ यांच्याकडे नेतृत्वाची गळ घातली. इतरांना न्यायालयात खेचण्याआधी बागायतदारांनी स्वतः शिस्त पाळावी, या अटीवर त्यांनी ते स्वीकारले.

ही शिस्त सोपी नव्हती. वाइनमध्ये किमान १२.५ टक्के मद्यार्क असावा, ठरलेल्या वाणांचीच द्राक्षे वापरावीत, तोडणीच्या वेळी किमान ५ टक्के द्राक्षे निवडून बाजूला काढावीत आणि गुलाबी वाइन या नावाने विकू नये, असे नियम ठरले. ग्रनाश हा मुख्य वाण. सिरा, मूर्वेद्र, सँसो इत्यादींची त्याला जोड असते. सर्वांत कल्पक ठरला तो सीमेचा निकष: लॅव्हेंडर आणि थाईम या रानटी वनस्पती ज्या जमिनीत वाढतात, तीच जमीन या नावास पात्र. म्हणजे इतर पिकांना नकोशी वाटणारी, गोट्यांनी भरलेली कोरडी माळजमीन येथे गुण ठरली. सुपीक जमिनीच्या मालकांना अर्थातच हे रुचले नाही. खटला दहा वर्षे रेंगाळला व १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात बागायतदारांच्या बाजूने निकाल लागला.

१९३५ च्या कायद्याने संपूर्ण देशासाठी नियंत्रित उगमनामाची पद्धत सुरू झाली. १९३६ मध्ये ही मान्यता मिळालेल्या पहिल्या वाइनांत शातोनफ-द्यु-पाप होती. ही पद्धत सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद ल रुआ यांनी १९४७ पासून मृत्यूपर्यंत भूषवले. मालाचे नाव त्याच्या भूमीशी बांधण्याचे तत्त्व पुढे अनेक देशांनी स्वीकारले. भारतात १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची नोंदणी झालेली आहे.

रोन खोऱ्यातील सेंत-सेसिल-ले-व्हिन्य गावात ल रुआ यांचा अर्धपुतळा त्यांच्या हयातीतच उभारण्यात आला. १९६७ मध्ये शातोनफ येथे त्यांचे निधन झाले. फोर्तियाचा मळा त्यांच्यानंतर कुटुंबाकडेच राहिला.